वाट पाहणारा कान

मोगूबाई कुर्डीकर १९०४ साली जन्मल्या. सांगे तालुक्यातले कुर्डी हे त्यांचे गाव. अँथनी गोन्साल्विस १९२७ साली सासष्टीतल्या माजोर्डा या समुद्रकाठच्या गावी जन्मले. दोघेही गोव्याचे, दोघांच्या भोवती बोली कोकणीच आणि दोघांच्या प्रदेशावर राज्य पोर्तुगालचेच. मोगूबाई देवळाच्या आश्रयाने जगणाऱ्या कलावंत समाजात वाढल्या. मुलीने मोठी गायिका व्हावे अशी आईची तळमळ होती. लहान वयातच त्या नाटक मंडळीत गेल्या आणि पुढे अल्लादिया खाँसाहेबांच्या तालमीत जयपूर घराण्याची अवघड गायकी त्यांनी कमावली. गोन्साल्विस यांचे वडील चर्चमधल्या गायकवृंदाला शिकवत. गोव्यातल्या चर्चच्या शाळांत मुलांना पाश्चात्त्य स्वरलिपी वाचायला आणि व्हायोलिन वाजवायला शिकवण्याची परंपरा फार जुनी. त्या शिस्तीत त्यांचा हात आणि कान तयार झाला. ते मुंबईला आले, हिंदी चित्रपटांच्या वाद्यवृंदांत नावारूपाला आले आणि त्यांनी संगीतकार प्यारेलाल यांच्यासारखे शिष्य घडवले.

एवढ्याशा गोव्यात दोन कान असे वेगवेगळे घडले. एकाला तानपुऱ्याच्या षड्जावर तासभर उलगडत जाणारा राग घरचा वाटत होता, दुसऱ्याला चार आवाजांनी एकाच वेळी वेगवेगळे स्वर लावून उभी केलेली स्वरसंहती. देवळाच्या वाड्यातले एखादे तान्हे मूल चर्चच्या अंगणात वाढले असते, तर त्याला व्हायोलिनच्या सुरात घर सापडले असते आणि ख्याल कदाचित नुसता लांबलेला वाटला असता. त्याच्या रक्तात, मेंदूत, गळ्यात काहीही बदललेले नसते. बदललेले असते ते फक्त सकाळ-संध्याकाळ कानावर पडणारे संगीत.

आवड ही माणसाला मिळालेली असते, असे माझे म्हणणे आहे. ती घरातून, गल्लीतून, जातीतून, देवळा-मशिदी-चर्चमधून, रेडिओतून, ज्या वयात जे घडले त्यातून येते. तरीही आपण तिला स्वतःची सर्वांत खाजगी, सर्वांत स्वतंत्र गोष्ट समजतो आणि तिच्यावरून दुसऱ्याची पायरी ठरवतो. वारशाने आलेली वस्तू स्वकष्टार्जित म्हणून मिरवणे जितके चूक, तितकेच हेही चूक. मात्र वारसा म्हणजे बेडी नव्हे. मिळालेली आवड ओलांडून पाहता येते, आणि जो ती ओलांडून पाहतो त्याचीच आवड खऱ्या अर्थाने त्याची स्वतःची होते.

घडण किती लवकर सुरू होते ते पाहा. बेलफास्टचे मानसशास्त्रज्ञ पीटर हेपर यांनी १९९१ मध्ये दाखवून दिले, की गरोदरपणात आई जी दूरचित्रवाणी मालिका रोज पाहत असे, तिची सुरुवातीची धून जन्मल्यावर बाळ ओळखते. ती धून लागली की बाळाची हालचाल मंदावे आणि ते सावध होई. त्याहून बोलका प्रयोग एरिन हॅनन आणि सँड्रा ट्रेहब यांचा, २००५ सालचा. बाल्कन प्रदेशातल्या लोकसंगीतात विषम मात्रांचे ताल सर्रास चालतात. अशा तालात मुद्दाम मोडतोड केली तर उत्तर अमेरिकेतल्या प्रौढांना ती नीट कळत नाही, कारण त्यांचा कान सरळ तालांवर पोसलेला असतो. पण तिथल्याच सहा महिन्यांच्या बाळांना ती कळते! वर्षभराचे होईतो ही बाळे प्रौढांसारखी होतात आणि परक्या तालातला बिघाड त्यांच्या लक्षात येईनासा होतो. त्यांना दोन आठवडे रोज थोडा वेळ ते संगीत ऐकवले तर ही जाण परत येते. प्रौढांना मात्र तेवढ्याशा ऐकण्याने ती साधत नाही. म्हणजे मूल जन्माला येते ते जगातल्या कुठल्याही संगीतासाठी उघडा कान घेऊन, आणि पहिल्या वर्षातच घर त्या कानाला आपल्या बाजूने वळवू लागते.

निदान काही सुरांची जोडी तरी साऱ्या मानवजातीला सारखीच गोड लागत असेल, असा युक्तिवाद पूर्वापार होत आला आहे. जॉश मॅक्डरमॉट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी बोलिव्हियाच्या जंगलभागात राहणाऱ्या चिमाने लोकांमध्ये याची तपासणी केली आणि २०१६ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध केले. पाश्चात्त्य कानाला जे स्वरमेळ सुसंवादी वाटतात आणि जे कर्कश वाटतात, ते दोन्ही चिमाने श्रोत्यांना सारखेच सुखद वाटले. त्यांच्या संगीतात अनेक आवाजांनी एकत्र वेगवेगळे स्वर लावण्याची रीत नाही. त्यामुळे त्या मेळांतला भेद त्यांच्या आनंदाशी जोडलेलाच नव्हता.

हे घडते कसे, याचे उत्तर मला वाट पाहण्यात सापडते. लिओनार्ड मेयर यांनी १९५६ च्या आपल्या ग्रंथात मांडले, की संगीतातली भावना अपेक्षेतून जन्मते. आता काय येणार याचा अंदाज मनात बांधला जातो आणि तो पुरा होतो, लांबतो किंवा चकवला जातो. माँट्रियलमधल्या संशोधकांनी २०११ मध्ये दाखवले, की आवडत्या संगीतातला उत्कट क्षण येतो तेव्हा मेंदूत डोपामिन पाझरते, आणि तो क्षण येण्याच्या आधीच्या उत्कंठेतही पाझरते. आपल्याकडच्या मैफलीतल्या श्रोत्याला हे सांगायला प्रयोगशाळा लागत नाही. गायक तान घेऊन निघतो, लयीशी आडवे-तिडवे खेळतो, श्रोत्यांचे हात मांडीवर मात्रा मोजत असतात, आणि सम आली की साऱ्या माना एकदम हलतात. त्या दादेमागे आधीच्या कित्येक क्षणांची वाट पाहणे असते. ज्याला त्रिताल ठाऊक नाही, तो कशाचीच वाट पाहत नसतो. समेवर त्याला काहीच मिळत नाही आणि तो म्हणतो, हे काय चालले आहे, संपणार कधी? त्याच्या रसिकतेत खोट नाही. त्याच्या कानाला या संगीताची वाट पाहायला कुणी शिकवलेले नाही, इतकेच.

मराठी कानाला कशाकशाची वाट पाहायला शिकवले गेले? गावातल्या भजनी मंडळाने आठ मात्रांचा भजनी ठेका अंगात भिनवला. टाळ, पखवाज आणि हरिपाठ ऐकत वाढलेल्या मुलाला लय कुणी समजावून सांगावी लागत नाही. ती त्याच्या पावलांत असते. आईच्या, आजीच्या जात्यावरच्या ओवीने संथ, पुन्हा पुन्हा त्याच वळणावर येणारा सूर दिला. गोंधळाच्या संबळाने, पोवाड्याच्या डफ-तुणतुण्याने, गणपतीच्या आरतीने आपापला वाटा उचलला. शहरातल्या आणि तालुक्याच्या गावांतल्या कानावर सगळ्यांत मोठा संस्कार केला तो नाटकाने. अण्णासाहेब किर्लोस्करांचे ‘संगीत शाकुंतल’ ३१ ऑक्टोबर १८८० रोजी पुण्यात रंगभूमीवर आले. त्यातल्या चालींत साकी, दिंडी असे कीर्तनातून आणि लोकगीतांतून ओळखीचे झालेले घाट होते. पुढे १९११ च्या ‘मानापमान’मध्ये गोविंदराव टेंब्यांनी आणि १९१६ च्या ‘स्वयंवर’मध्ये भास्करबुवा बखल्यांनी रागदारीचे दालन उघडले. ज्यांनी आयुष्यात कधी उस्तादासमोर बसून ऐकले नव्हते, अशा हजारो माणसांच्या तोंडी भीमपलास आणि यमन आले, तेही त्या रागांची नावे ठाऊक नसताना. महाराष्ट्रात ख्यालगायनाला एवढा मोठा श्रोतृवर्ग लाभला, त्याचे बरेचसे श्रेय मी या नाटकांना देतो. मराठी माणूस उपजत रसिक असतो, ही समजूत सुखावणारी असली तरी खरी नाही. त्याच्या कानावर दोन-तीन पिढ्यांनी मेहनत घेतली होती.

नुसती भाषा एक असून भागत नाही, हे तंजावरकडे पाहिले की कळते. मराठ्यांच्या राज्यामुळे तिकडे मराठी भाषा, कीर्तन आणि अभंग पोचले. तिथल्या हरिकथेने साकी, दिंडी, ओवी हे मराठी घाट उचलले आणि दक्षिणेच्या भजनसंप्रदायात तुकोबा-नामदेवांचे अभंग आजही गायले जातात. पण ते कर्नाटक संगीताच्या गमकांनी नटलेले असतात आणि त्यांना मृदंगाची साथ असते. शब्द आपले, तरी पुण्या-सोलापूरच्या कानाला ते प्रथम परके वाटतात. तंजावरात वाढलेल्या मराठी माणसाला मात्र तेच अस्सल वाटणार. कानाची नाळ जमिनीशी अशी जुळते.

इथवर सारे गोड आहे. अवघड भाग यापुढे आहे, कारण आवड नुसती घडत नाही, ती माणसांमध्ये भिंती उभ्या करते. फ्रेंच समाजशास्त्रज्ञ पिएर बूर्द्यू यांनी १९६० च्या दशकात केलेल्या पाहण्यांवर आधारलेला ग्रंथ १९७९ मध्ये प्रसिद्ध केला. कोणाला बाखची रचना आवडते आणि कोणाला लोकप्रिय वॉल्ट्झ, हे त्या माणसाच्या शिक्षणाशी आणि सामाजिक स्थानाशी किती घट्ट बांधलेले आहे, ते त्यांनी मांडले. वरच्या वर्गाची आवड ‘सुसंस्कृतपणा’ म्हणून खपते आणि खालच्या वर्गाची आवड ‘अडाणीपणा’ म्हणून. त्या आवडीमागे बालपणापासून मिळालेली फुरसत, वाद्ये, पुस्तके आणि सोबत होती, हे मात्र नजरेआड केले जाते.

आपल्याकडे वर्गाच्या जोडीला जात आहे. एकाच शहरात दोन मुले वाढतात. एकाला चौदा एप्रिलच्या मिरवणुकीतली गाणी म्हणजे आपल्या आजोबा-पणजोबांनी मिळवलेल्या माणूसपणाचा जल्लोष असतो. वामनदादा कर्डकांची गाणी त्याला इतिहासाच्या पुस्तकाआधी भेटतात. आंबेडकर कोण, दीक्षा कशाची, हे त्याला आधी चालीतून कळते. दुसऱ्या घरातल्या मुलाला त्याच वेळी खिडकी लावून घ्यायला सांगितले जाते. मोठेपणी हे दुसरे मूल जेव्हा म्हणते, ‘मला त्या प्रकारचे संगीत आवडत नाही,’ तेव्हा ते खोटे बोलत नसते. पण त्याची नावड त्याने निवडलेली नसते, त्या लावलेल्या खिडकीने ती त्याला दिलेली असते. प्रल्हाद शिंदे यांचा आवाज आठवा. विठ्ठलाची त्यांची गाणी महाराष्ट्रातल्या देवळादेवळांत, सत्यनारायणाच्या मांडवात वाजली. भीमगीतेही त्यांनीच गायली आणि कव्वालीही. तोच गळा, तीच फिरत, तीच आर्तता. तरी एका गाण्याला अनेक घरांची दारे उघडली आणि दुसऱ्याला नाही. दारे उघडण्याचा निकष सूर असता, तर असे झाले नसते.

लावणीच्या बाबतीत हेच झाले. मध्यमवर्गाने नाट्यपद दिवाणखान्यात ठेवले आणि लावणी फडावर सोडून दिली. बैठकीच्या लावणीत कलावतीने एकच ओळ पुन्हा पुन्हा घेऊन तिच्यातून रुसवा, आर्जव, थट्टा, विरह असे वेगवेगळे भाव उभे करायचे असतात. ठुमरीत हेच केले की आपण त्याला नजाकत म्हणतो. यमुनाबाई वाईकरांनी ही कला आयुष्यभर सांभाळली. २०१२ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली तेव्हा त्या नव्वदी ओलांडून पुढे गेल्या होत्या. लावणीची नक्कल चित्रपटात आली तेव्हा ती घराघरांत चालली. मूळ गाणाऱ्या बायका मात्र गावाबाहेरच्या राहिल्या. सौंदर्याच्या नावाखाली चाललेला हा अन्याय आपण आपल्या आवडीचा भाग मानून गिळला आहे.

इथे एक रास्त आक्षेप येतो. आवड जर घडवलेलीच असेल, तर चांगले-वाईट काही उरतच नाही का? मोगूबाईंची तान आणि कुठल्याही नवशिक्याचे बेसूर ओरडणे सारखेच मानायचे का? नाही. प्रत्येक संगीतात आतून आलेली कसोटी असते आणि ती अत्यंत कठोर असते. फडावरच्या जाणत्याला ढोलकीवाल्याचा कच्चा तोडा लगेच कळतो. भजनी मंडळात टाळ किंचित मागे पडला तर म्होरक्याची नजर तिकडे वळते. ख्यालात पाठ केलेली तान आणि त्या क्षणी सुचलेली तान यांतला फरक कानसेनाला कळतोच. चर्चच्या गायकवृंदात मधला एक आवाज उतरला तर साऱ्या रचनेला तडा जातो. गुणवत्ता आहे, पण ती त्या संगीताची वाट पाहायला शिकलेल्या कानालाच दिसते. म्हणून निवाड्याचा अधिकार कान तयार झाल्यावर मिळतो, त्याआधी नाही. लावणीची एकही बैठक न ऐकता तिला उथळ ठरवणारा आणि एकही राग लक्ष देऊन न ऐकता ख्यालाला ‘आ-ऊ’ म्हणणारा, हे दोघेही सारखेच अनधिकारी आहेत. ‘मला हे आवडत नाही’ हे विधान प्रामाणिक आहे, ‘हे हिणकस आहे’ हे विधान मात्र श्रम करूनच कमवावे लागते.

मग घराने दिलेल्या कानात माणूस कायमचा अडकतो का? अनुभव सांगतो की नाही, जरी घर आणि तरुणपण यांची पकड चिवट असते. मॉरिस होलब्रूक आणि रॉबर्ट शिंडलर यांनी १९८९ मध्ये मांडले, की माणसांना साधारण तेविशी-चोविशीच्या सुमारास लोकप्रिय असलेली गाणी पुढे आयुष्यभर सर्वांत जास्त आवडतात. मैत्री, प्रेम, पहिली नोकरी, घर सोडणे हे सारे त्याच वयात घडते आणि गाणी त्या घडण्याला चिकटतात. प्रत्येक पिढीला आपल्याच तरुणपणी ‘खरे संगीत’ होते असे वाटते, त्याचे कारण संगीताहून अधिक तरुणपणात आहे. २०१३ मध्ये कॅरल क्रुमहान्झल आणि जस्टिन झुपनिक यांनी आणखी एक गोष्ट दाखवली. विशीतल्या अमेरिकी तरुणांना स्वतःच्या काळातल्या गाण्यांबरोबरच त्यांचे आईवडील तरुण असतानाची गाणीही विशेष जवळची वाटत होती. घरात वाजलेले वाया जात नाही. मूल नाक मुरडते, पण कान नोंद घेत असतो.

कधीकधी एकच अनुभव साऱ्या घडणीला कलाटणी देतो. भीमसेन जोशी गदगच्या एका शिक्षकाच्या घरात वाढले. ते घर कुठल्या घराण्याच्या गवयाचे नव्हते. अब्दुल करीम खाँसाहेबांची झिंझोटीतली ठुमरी त्यांनी ध्वनिमुद्रिकेवर ऐकली आणि असे गायला शिकायचे म्हणून वयाच्या अकराव्या वर्षी घर सोडले. ग्रामोफोन नसता तर त्या मुलापर्यंत तो सूर पोचायला एखाद्या संस्थानिकाची बैठक किंवा घराण्यातला जन्म लागला असता. यंत्राने जन्माची अट काढून टाकली, हा विसाव्या शतकातल्या संगीताचा मोठा मुक्तिक्षण आहे. कुमार गंधर्व तर अशाच ध्वनिमुद्रिका ऐकून बालपणीच मोठमोठ्या गवयांची हुबेहूब गायकी गात. पुढे क्षयाने त्यांना गाठले, १९४८ मध्ये ते देवासला गेले आणि काही वर्षे त्यांना गाता आले नाही. त्या सक्तीच्या मौनात त्यांच्या कानावर माळव्यातल्या बायकांची गाणी आणि नाथपंथी जोग्यांची निर्गुणी भजने पडत राहिली. ख्यालाच्या जगात तोवर ज्यांना कुणी जागा दिली नव्हती, ते सूर त्यांनी मनापासून ऐकले. त्यांतून लोकधुनांवर बेतलेले धूनउगम राग उगवले आणि गायकी पार बदलली. कान तिशीकडे झुकताना, आजारपणात, परक्या प्रांतात पुन्हा घडू शकतो, याचा याहून मोठा दाखला मला ठाऊक नाही. आणि पठ्ठे बापूराव? रेठऱ्याचा हा कुलकर्णी घराची, जातीची सारी बंधने तोडून तमाशात गेला, कलावती पवळाबाईंबरोबर उभा राहिला आणि समाजाने टाकलेले सोसले. संस्कारांनी त्याला जी वाट दाखवली होती, तिच्या उलट दिशेने त्याचा कान त्याला घेऊन गेला.

उपजत काहीच नसते, असे मी म्हणत नाही. स्वीडनमधल्या नऊ हजारांहून अधिक जुळ्यांवर आधारलेले एक संशोधन २०२५ मध्ये प्रसिद्ध झाले. संगीतातून माणसांना मिळणाऱ्या आनंदाचे प्रमाण कमीजास्त असते, आणि त्या फरकाचा निम्म्याहून थोडा अधिक वाटा आनुवंशिकतेचा असतो, असे त्यात दिसले. कुणाला संगीताने अंगावर काटा येतो, कुणाला येत नाही. पण ही तहान झाली. ती कोणत्या पाण्यावर भागवायची हे जनुके सांगत नाहीत, ते भोवतालच ठरवतो.

आणि भोवताल ठरवणाऱ्यांवर केवढी जबाबदारी असते, हे आपल्या इतिहासाने एकदा लख्ख दाखवले आहे. १९५२ मध्ये बाळकृष्ण विश्वनाथ केसकर हे मराठी गृहस्थ केंद्रात माहिती आणि नभोवाणी खात्याचे मंत्री झाले. जनतेची अभिरुची उंचवावी, शास्त्रीय संगीत घरोघरी जावे, ही त्यांची इच्छा प्रामाणिक होती. त्यासाठी त्यांनी दोन गोष्टी केल्या. आकाशवाणीवरून संगीताचा राष्ट्रीय कार्यक्रम सुरू झाला, नामवंत गायक-वादक देशभर ऐकू येऊ लागले. आणि चित्रपटगीतांना आकाशवाणीवरून जवळजवळ हद्दपार केले गेले. पहिल्या गोष्टीने नवे श्रोते घडवले. दुसऱ्या गोष्टीमुळे लोकांनी रेडिओची सुई फिरवून रेडिओ सिलोन लावले, तिथे १९५२ च्या डिसेंबरात अमीन सयानींची ‘बिनाका गीतमाला’ सुरू झाली आणि सारा देश तिच्यामागे गेला. अखेर १९५७ मध्ये आकाशवाणीला ‘विविध भारती’ काढावी लागली. त्याच दशकात पुणे आकाशवाणीने काय केले? १९५५ च्या रामनवमीपासून वर्षभर गदिमा आणि सुधीर फडके यांचे ‘गीतरामायण’ ऐकवले. छप्पन्न गीते, रागांत भिजलेल्या चाली, ओळखीची कथा. कुणालाही काही वर्ज्य न करता लाखो कानांवर रागसंगीताचा संस्कार झाला. १९५३ पासून पुण्यात सुरू झालेल्या सवाई गंधर्व महोत्सवानेही तेच केले. नाकारून कुणाचा कान घडत नाही, तो देऊन घडतो.

हा धडा आज फार गरजेचा आहे. पूर्वी घरात रेडिओ एकच असे. आजीसाठी कीर्तन लागे, आईसाठी ‘वनिता मंडळ’, वडिलांसाठी नाट्यपदे, कुणा कामगार शेजाऱ्याच्या खोलीतून ‘कामगार सभा’ ऐकू येई, आणि थोरल्या बहिणीसाठी ‘आपली आवड’. कुणाचीच आवड पूर्ण भागत नसे, म्हणून प्रत्येकाला दुसऱ्याचे ऐकावे लागे. न मागितलेले संगीत कानावर पडणे, हीच त्या घराची संगीतशाळा होती. आज घरातल्या प्रत्येकाच्या कानात स्वतंत्र इअरफोन आहे. काल जे ऐकले त्यासारखेच आज पुढे करणारी ॲप्स आहेत. चंद्रपूरच्या मुलाला पश्चिम आफ्रिकेतल्या मालीचे कोरावादन एका बोटाच्या अंतरावर आहे, इतके वैभव मानवजातीच्या वाट्याला कधी आले नव्हते. पण त्याला शेजारच्या खोलीत आजी काय ऐकते ते माहीत नाही. सगळे उपलब्ध असणे म्हणजे सगळे कानावर पडणे नव्हे.

कानावर पडणे थांबले की संगीत मरते, हेही आपण पाहिले आहे. पिठाच्या गिरण्या आल्या, जाते कोपऱ्यात गेले आणि ओवी मुकी झाली. हेमा राईरकर आणि गी प्वातवँ यांनी गावोगावच्या बायकांकडून एक लाखाहून अधिक ओव्या गोळा केल्या नसत्या, तर त्या आवाजांचा मागमूसही उरला नसता. बायकांचे दळण संपले हे उत्तमच झाले, त्यांच्या पाठी वाचल्या. पण त्या सुराची वाट पाहणारे कानही एका पिढीत संपले, ही हानी आपल्याला जाणवलीसुद्धा नाही.

म्हणून माझे मागणे स्पष्ट आहे. शाळांनी वर्षातून काही वेळा तरी आपल्या परिसरातल्या गोंधळ्याला, शाहिराला, भजनी मंडळाला, कव्वालाला, लावणीच्या कलावतीला, ख्याल गाणाऱ्याला आणि चर्चच्या गायकवृंदाला मुलांसमोर सन्मानाने बसवावे, त्यांच्यात उच्च-नीच न लावता. आईवडिलांनी आठवड्यातून एक संध्याकाळ इअरफोन बाजूला ठेवून घरात सर्वांना ऐकू येईल असे संगीत लावावे. मुलांचे रॅप त्यांनी पूर्ण ऐकावे, मध्येच बंद न करता. मुलांनीही आईवडिलांचे नाट्यपद पूर्ण ऐकावे. आणि ज्याला स्वतःच्या रसिकतेचा अभिमान आहे, त्याने एक असे संगीत निवडावे जे त्याच्या घरात कधीच वाजले नाही, ज्याच्यासाठी कदाचित त्याच्या घराची खिडकी लावली गेली होती, आणि ते त्याची वाट पाहता येईपर्यंत ऐकावे. तोवर त्याविषयी मत देऊ नये.

मुलांना आपली आवड देण्याची धडपड करू नका, ती त्यांना तशीही मिळणारच आहे. त्या आवडीपलीकडचे ऐकण्याची सवय त्यांना द्या. ती मात्र आपण दिल्याशिवाय मिळत नाही.